पेटीची राखण

कुंभारी गावाच्या पुढं डांबरी सडक सोडून आत वळलं की कल्लप्पाची वस्ती लागते. चार घरं, दोन विहिरी आणि हवं तेवढं ऊन. विजेचे खांब रस्त्याच्या कडेकडेनं गावात गेले, वस्तीकडं काही वळले नाहीत. अर्ज झाले, पुढारी येऊन चहा पिऊन गेले, खांब तेवढे आले नाहीत. शेवटी एका संस्थेनं कल्लप्पाच्या स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवल्या, खालच्या खोलीत बॅटऱ्या मांडल्या आणि वस्तीवर पहिल्यांदा पंखा फिरला.

संस्थेची अट मात्र एक होती. एका सोलरवर दोन घरांतल्या दोन बायकांचा धंदा चालला पाहिजे. एक धंदा कल्लप्पाच्या बायकोचा, सिद्धेश्वरीचा. तिची चक्की आणि शेंगाचटणी कुटायचं मशीन. तिची चटणी शहरात सात रस्त्यावरच्या दुकानात जायची आणि टिकायची नाही, इतका खप. दुसरा धंदा शेजारच्या केराबाईचा. तिला अंडी उबवायची पेटी मिळाली. पण केराबाईचं घर पत्र्याचं, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा. म्हणून पेटीसुद्धा कल्लप्पाच्याच मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं.

आता कल्लप्पाचं घर लिंगायताचं. अंडं त्या उंबऱ्याच्या आत आजवर आलेलं नव्हतं. केराबाईच्या घरात सगळं चालायचं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, सिद्धेश्वरीला चांगली होती. नाही म्हटलं तर चक्कीही जाईल हे तिला लगेच कळलं आणि तिनं हो म्हटलं.

तिला काळजी होती सासूची. निंगव्वा म्हणजे जुनं खोड. सिद्धेश्वरी तिला कानडी वळणानं अत्ती म्हणायची, बाकी सगळे अव्वा. सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूती लावल्याशिवाय आणि गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय चहाचा घोट घेणार नाही. पेटी आली त्या दिवशी म्हातारी काठी टेकत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि विचारलं, "आत काय हाय?"

"अंडी हायत अव्वा," केराबाई म्हणाली. "पिल्लं निघणार."

"निघू देत की," निंगव्वा म्हणाली आणि परत येऊन शेंगा फोडत बसली. त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही.

केराबाईची पहिली खेप छान उतरली. पिवळी, काळी, ठिपक्यांची पिल्लं टोपलीत चिवचिवायला लागली आणि वस्तीवरची पोरंबाळं सोडाच, कल्लप्पासुद्धा मांडी घालून बघत बसला. संस्थेच्या लोकांनी फोटो काढले. पुढं त्यांचं कॅलेंडर आलं, त्यात केराबाई हातात पिल्लू घेऊन हसत होती. सिद्धेश्वरीच्या चक्कीचा फोटो कुठंच नव्हता. तिनं ते कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगायला म्हणून घेतलं आणि डब्यांच्या मागं सरकवून ठेवलं. विचारलं असतं तर म्हणाली असती, खिळा नव्हता.

दुसऱ्या खेपेला केराबाईनं मोठी उडी घेतली. अंडी तिची एकटीची नव्हती. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकांनी आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी तिला अर्धलीनं दिली. शेळी अर्धलीनं देतात तसंच हे. अंडी तुझी, उबवणं माझं, निघालेली पिल्लं निम्मी-निम्मी. यात लिहिणं-वाचणं काही नसतं, एकमेकींच्या तोंडाकडं बघून व्यवहार होतो. दानेश्वरी नावाची एक फटकळ बाई होती, तिनं तर आपल्या खुडूक कोंबडीखालची अंडी काढून केराबाईच्या पदरात टाकली आणि बजावलं, "बघ हं बाई, तुझ्या भरवशावर कोंबडी उठवलीय."

शेवटच्या तीन दिवसांत पेटी उघडायची नसते. अंडी फिरवायची नाहीत, झाकण काढायचं नाही, आतली ऊब आणि ओल तशीच राहू द्यायची. नेमकं त्याच दिवसांत कल्लप्पाच्या वडलांचं वर्ष आलं. वर्षाची गणाराधना म्हणजे घरात जंगम स्वामींची पाद्यपूजा, त्यांचं जेवण, मग भाऊबंद आणि पाहुणे. अक्कलकोटची नणंद येणार, तिच्या सासरची माणसं येणार. महेश्वर स्वामी येणार.

आदल्या दिवशी केराबाई आली ती अंगणातच उभी राहिली.

"वैनी, उद्या मी येत न्हाय. तुमच्यात कार्य, स्वामी येणार, आमी कशाला मधी. तशी पेटी उघडायचीबी न्हाय. फकस्त लाल दिवा लागलाय का तेवढं जाता-येता बघा."

"बघते की," सिद्धेश्वरी म्हणाली.

त्या संध्याकाळी घर झाडून-पुसून झालं, धुतलेली लुगडी वेगळी काढली, उद्याची डाळ निवडून ठेवली. मागच्या खोलीतून पेटीची घरघर ऐकू येत होती. रोज येतच होती, पण त्या दिवशी ती सिद्धेश्वरीच्या कानात बसली. पेटीची वायर स्वयंपाकघरातून, देवघराच्या भिंतीवरून मागं गेली होती. उद्या याच भिंतीला टेकून स्वामी बसणार, आणि पलीकडं अंडी उबणार. नणंद हमखास विचारणार, हा आवाज कसला गं? तिच्या सासरचे एकमेकांकडं बघणार. सिद्धेश्वरी उठली आणि तिनं प्लग काढला.

बरं, अंडी तिथंच होती. प्लग काढल्यानं त्यांचे काही भोपळे झाले नव्हते. विटाळच मानायचा तर तो होता तिथंच होता, गेला होता तो फक्त आवाज. पण सिद्धेश्वरीला तेवढ्यानं हायसं वाटलं. उद्या पाहुणे गेले की लावू, तिनं स्वतःला सांगितलं. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की अंड्यांवरून. अशा वेळी माणसाला कसलेही दाखले सुचतात.

जानेवारीचा गारठा होता. सकाळी विहिरीवर हात बधिर होत होते.

कार्य मात्र नेटकं झालं. स्वामी पाटावर बसले, कल्लप्पानं पाय धुतले, सगळ्यांनी तीर्थ घेतलं. पंगत बसली. वाफाळलेला कट, पोळी, शेंगापोळी, भरल्या वांग्याची भाजी. सिद्धेश्वरी ओल्या केसांनी, धुतल्या लुगड्यात वाढत होती आणि नणंदेच्या सासूनं तिच्या हाताची तारीफसुद्धा केली. सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं, तेवढ्यात स्वामी म्हणाले,

"कल्लप्पा, तुमच्या वस्तीवर म्हणे उन्हावर पिल्लं निघतात. खरं का?"

कल्लप्पाची छाती फुगली. "व्हय स्वामी. ह्याच भिंतीमागं पेटी हाय की. शेजारच्या केराबाईची. आता दोन दिसांत निघतील पिल्लं."

नणंदेनं भुवया वर केल्या. तिच्या सासरच्यांचे हात ताटात थांबले.

"आत्ता चालू आहे का?" स्वामींनी विचारलं.

कल्लप्पानं बायकोकडं बघितलं. "हाय की," सिद्धेश्वरी म्हणाली. "चालू हाय."

"छान," स्वामी म्हणाले. "कोंबडीच्या पोटाखाली जे होतं तेच ऊन करतंय. जीव जगवायचं काम आहे, त्यात विटाळ कसला? अंडं फोडून खाणं वेगळं आणि पिल्लू काढणं वेगळं. जाताना बघून जाईन म्हणतो."

झालं. ज्यांच्यासाठी प्लग काढला ते स्वतःच बघायला निघाले होते. सिद्धेश्वरीच्या हातात कटाची पळी तशीच राहिली. प्लग होता स्वयंपाकघरात, फळीच्या मागं. चार पावलं. पण फळीवरचे डबे हलवायचे, नणंद शेजारी पोळ्या मोजत बसलेली, ती विचारणार काय करतेस. सांगायचं काय? काल मी बंद केली होती आणि आत्ता स्वामींसमोर खोटं बोलले? शिवाय मागं जाऊन दिवा लागला का बघायला हवं, म्हणजे पेटीला हात लागणार, म्हणजे पुन्हा आंघोळ, आणि पंगत तर अर्ध्यावर. ती इथं उठली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. ती उठली नाही. "अजून थोडा कट घ्या," असं म्हणून तिनं नणंदेच्या सासऱ्याला वाढलं.

स्वामींना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं, न्यायला गाडी आली, पेटी बघायची राहूनच गेली. सिद्धेश्वरीनं मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हात जोडले. पुढं कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं की त्या घडीला तिला आनंद झाला होता.

पाहुणे पांगता पांगता दिवस कलला. मग तिनं प्लग लावला. लाल दिवा लागला, पेटी घरघरायला लागली. बघा, चालू झाली की, ती स्वतःशी म्हणाली.

पिल्लं निघायच्या दिवशी केराबाई जुन्या लुगड्याची घडी घातलेली टोपली घेऊन आली. बरोबर दानेश्वरी आणि आणखी दोघी-तिघी, आपापल्या पाट्या घेऊन. झाकण काढलं. आत सगळी अंडी जशीच्या तशी होती. एकाला चीर नाही, चिवचिव नाही. केराबाईनं एक अंडं कानाला लावलं, दुसरं लावलं. अख्खा दिवस वाट बघितली, दुसरा दिवसही बघितला. मग तिनं अंगणात बसून एक अंडं फोडलं. आत पिल्लू होतं. चोच होती, पायाची नखं होती, ओली काळी पिसं होती. फक्त जीव नव्हता.

"वैनी, असं कसं झालं हो?" केराबाई म्हणाली.

सिद्धेश्वरी दारात उभी होती. खरं सांगायला ती हीच वेळ होती. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "त्या दिशी ढगं व्हती. बॅटरी उतरली आसंल."

केराबाईनं मान वर करून आभाळाकडं बघितलं. तिथं चिमूटभर ढग नव्हता. पण सोलरवालीच म्हणते म्हटल्यावर तिनं ते मानलं. मानलं ते मानलं, वर म्हणाली, "तुमच्यात कार्य, माणूसकाणूस, दिवे लागले आसतील, मिक्सर लागला आसंल. माझ्या पेटीनं तुमाला काय कमी पडलं न्हाय न्हवं?"

सिद्धेश्वरीला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला शिवी देता येते. याला काय द्यायचं? "न्हाय न्हाय," ती म्हणाली आणि आत जाऊन चक्की सुरू केली. दळायला काही नव्हतं, ती रिकामीच फिरली.

त्यानंतरचे दिवस केराबाईनं वस्त्या वस्त्या फिरण्यात घालवले. ज्यांची अंडी घेतली त्या प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगणं भाग होतं. कुणी हळहळलं. दानेश्वरीनं मात्र चारचौघांत तिची खरडपट्टी काढली. झोप लागली आसंल पेटीपाशी, म्हणाली. दुसरीकडं जास्तीची विकली आसतील पिल्लं, असंही कुणी म्हणालं. हे शब्द वाऱ्यावर सिद्धेश्वरीच्या चक्कीपर्यंत आले. दळण घेऊन आलेल्या बायका तिच्यासमोरच बोलत होत्या आणि ती मापटं भरत होती, मान खाली घालून. एकीनं तर तिला विचारलं, "तुमच्याच घरात व्हती की पेटी, तुमाला काय म्हाईत?" "मी कुटं बघती तिकडं," सिद्धेश्वरी म्हणाली. पीठ चाळताना डोळ्यांत जातं म्हणून तिनं पदर तोंडावर घेतला. पीठ चाळत नव्हतीच ती.

मग एका सकाळी संस्थेचा इंद्रजीत मोटारसायकलवर आला. मोहोळचा पोरगा, शिकलेला, कामाला चोख. केराबाई आली, कल्लप्पा होता, निंगव्वा उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. इंद्रजीतनं बॅटऱ्या तपासल्या, वायर तपासली, पेटी लावून बघितली.

"बॅटरी ठणठणीत आहे. पेटीही व्यवस्थित चालतीय. झालं काय नेमकं?"

"ढगं व्हती साहेब," केराबाई म्हणाली. "वैनी म्हणत व्हत्या."

"ढग?" इंद्रजीत हसला. "गेला महिनाभर आभाळ कोरं आहे, केराबाई. आणि बॅटरीवर दोन दिवस सहज निघतात." मग तो गंभीर झाला. "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. तुमचंच काहीतरी चुकलं असणार. पेटीत पाणी कमी पडलं असेल, नाहीतर मधेच झाकण उघडलं असेल. मोहोळचा एक बचत गट कधीचा पेटी मागतोय. ही त्यांना देतो. तुम्हाला पुढं दुसरं काहीतरी बघू."

केराबाईनं वाद घातला नाही. "न्या साहेब," ती म्हणाली. "माझ्याच हाताला गुण न्हाय."

सिद्धेश्वरी चहाचं ताट घेऊन उभी होती. आता गप्प बसलं तर ही बाई आयुष्यभर असंच म्हणत राहील, हे तिला उन्हासारखं स्वच्छ दिसलं. आणि बोललं तर नवरा, सासू, हा पोरगा, सगळ्यांसमोर आपलं तोंड काळं होईल, तेही तितकंच स्वच्छ दिसलं. तिनं बोलायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

"पेटी बंद व्हती," ती म्हणाली. "कार्याच्या आदल्या दिसापास्नं. प्लग काढला व्हता. अत्ती म्हणल्या, स्वामी येणार हायत, बंद कर."

शेवटचं वाक्य कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. ते आलं आणि बाहेर पडलं.

उंबऱ्यात शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. निंगव्वानं मान वर करून सुनेकडं बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं. कपाळावर सकाळची विभूती होती, हातात एक शेंग होती. सिद्धेश्वरीला वाटलं आता म्हातारी बोलणार, मी कवा म्हणले गं? आणि सगळं संपणार. तिला ते हवंही होतं आणि नकोही होतं.

"व्हय," निंगव्वा म्हणाली. "म्यांच सांगितलं."

कल्लप्पा आईवर उखडला. "अव्वा, तुला कुणी सांगितले गं हे उद्योग? म्हातारपणी गप बसायला काय झालं? जीव मारलेस की एवढे." इंद्रजीतनं शहाण्या माणसाच्या आवाजात, लहान पोराला सांगावं तसं समजावलं, "आजी, असं करायचं नाही. विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही." म्हातारी ऐकून घेत होती. आपल्या लेकाचं ऐकलं, नातवाच्या वयाच्या पोराचं ऐकलं. सिद्धेश्वरीनं चहा दिला. एक शब्द बोलायचा होता, फक्त एक, आणि तो तिच्या तोंडातून निघाला नाही. एकदा ढगांवर ढकललं, एकदा सासूवर. त्या घडीला तिला स्वतःची किळस आली, अंड्यांची कधी आली नव्हती इतकी.

केराबाई उठली. तिनं निंगव्वाकडं बघितलं नाही, सिद्धेश्वरीकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "अव्वांना कुणी काय बोलू नका. म्हातारं माणूस हाय."

पेटी राहिली. त्याच दिवशी दुपारी निंगव्वानं काठी घेतली आणि केराबाईला म्हणाली, "चल, कुटं कुटं जायाचं ते दाव." ती केराबाईबरोबर दारोदार गेली. दानेश्वरीच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "हिच्याकडनं न्हाय गेली अंडी. माझ्यामुळं गेली. पुन्यांदा दे, ह्या टायमाला राखण मी करीन." दानेश्वरीसारखी दानेश्वरी, तिनं म्हातारीला बसायला पोतं टाकलं. ज्या म्हातारीनं साऱ्या वस्तीच्या लेकरांच्या दृष्टी काढल्या तिच्यावर ओरडायचं कसं? बायकांनी अंडी दिली. पण चक्कीवर आता नवीन बोलणं सुरू झालं. म्हातारी लई कडक बाई, देवाधर्माच्या नादात पिल्लं मारली म्हणं. सिद्धेश्वरी मापटं भरत हेही ऐकायची.

निंगव्वा शब्दाला जागली. पेटीत अंडी गेली त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत पोतं टाकून बसायला लागली. शेंगा तिथंच फोडायची. केराबाई अंडी फिरवायला आली की लांबून बघायची आणि कधी एखादं अंडं घसरायला लागलं तर हात पुढं करायची. जेवायच्या आधी उठायची, गार पाण्यानं पुन्हा आंघोळ करायची, पुन्हा विभूती लावायची आणि मग ताटावर बसायची. सिद्धेश्वरी पाणी तापवून ठेवायची तर म्हणायची, "बेड." नको म्हणून. एवढंच कन्नडमधून, आणि गारच घ्यायची.

रोज बघता बघता सिद्धेश्वरीच्या लक्षात आलं की आपण त्या दिवशी पंगतीत ज्या आंघोळीला घाबरलो ती ही एवढीच होती. दोन तांबे पाणी.

शेवटचे तीन दिवस लागले. गारठा पुन्हा वाढला होता. तिसऱ्या प्रहरी म्हातारी खोकायला लागली तशी सिद्धेश्वरी चक्की बंद करून मागं गेली. पेटी घरघरत होती, लाल दिवा लागलेला होता, आणि निंगव्वा त्या दिव्याकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सिद्धेश्वरी तिच्यासमोर खाली बसली.

"अत्ती, तुमी का व्हय म्हणलात? तुमी न्हवतं सांगितलं. मीच काढला व्हता. मी सगळ्यांना सांगते आता, दानेश्वरीला, ह्यांना, सगळ्यांना. तुमी उठा हितनं. आत जाऊन पडा. मी बसते राखणीला."

निंगव्वानं खोकला येऊन जाऊ दिला. मग सुनेच्या हातावर हात ठेवला. हात थंडगार होता.

"सांगशील तवा सांग, सिद्धव्वा," ती म्हणाली. "पर हितं मीच बसते. तुझा भरवसा न्हाय. कोन पाव्हणं आलं की तू पुन्यांदा काढशील."